उंचीचा प्रश्नच नाही

शनिवार, ३ मार्च २००१. करामा, दुबई.

आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहिणार होतो, पण इंग्रजीत स्वतःबद्दल मोकळेपणाने चांगलं लिहिता येत नाही.

कारण तसंच आहे. आमचे बॉस मिस्टर हॉलोवे, टेक्सासचे, यांनी ऑफिसात एक कॉम्पिटिशन काढली आहे. अमेरिकेत त्यांचं एक फुटबॉल असतं, ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. तिथे दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. म्हणजे कॉलेजातली पोरं रांगेत उभी, आणि मोठ्या टीम्स एकेकाला उचलणार. आधी उचलला तो हिरा, शेवटी उचलला तो खडा, उरला तो आपापल्या घरी. थोडक्यात लग्नाचा बाजार. आम्ही प्रत्येकाने एक पोरगा निवडायचा, त्याच्यावर एक पानी रिपोर्ट लिहायचा. ज्याचा पोरगा सगळ्यात आधी उचलला जाईल त्याला पितळी कप.

कपाचं मला काही नाही. पण परचेस मॅनेजरची जागा रिकामी आहे, आणि पारख कोणाला आहे हे साहेब असंच बघणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी परचेसमध्येच आहे. माल पारखण्यात हयात गेली. गास्केटचं प्रकरण वेगळं. पाइपांच्या जोडात घालायच्या त्या चकत्या अर्धा इंच लहान निघाल्या यात माझा काय दोष? पाइप मोठे होते.

ईदच्या सुट्टीसाठी साहेबांनी व्हिडिओ कॅसेट दिल्यात. संकल्प: रोज एक कॅसेट बघणे आणि पाव तास चालणे.

मंगळवार, ६ मार्च. ईद.

चालणं झालं नाही. ऊन.

पण हिरा सापडला! कोडी ट्रस्क. स्लॉट रिसीव्हर. हा गडी मैदानाच्या कडेला उभा राहत नाही, जरा आतल्या बाजूला राहतो, आणि धिप्पाड रेड्यांच्या गर्दीतून निसटून चेंडू झेलतो. आपल्या खो-खोतला तुरतुरीत पोरगा बघावा तसा. सगळे सहा फुटी, हा पाच सात. साहेब म्हणाले होते, टू स्मॉल, याला कोण घेणार? मनात म्हटलं, साहेब, इथेच तुम्ही फसता. एक चेंडू त्याने पळता पळता एका हाताने झेलला. एका हाताने! रिवाइंड करून इतक्यांदा पाहिलं की स्वानंदी म्हणाली, बाबा, द टेप विल ब्रेक. नऊ वर्षांची आहे. मराठी समजतं, बोलत नाही.

अकाउंट्समधल्या विली गोन्साल्विसने सहा फूट चार इंचांचा एक खांब निवडलाय. वसईची माणसं. झाड बघून नारळ विकत घेतात.

बुटक्यांची कोणी कदर करत नाही, हे मला बाहेरून दिसतं. मी स्वतः पाच सहा. लग्नाच्या बायोडेटात तसं लिहिलं आहे. सुलक्षणा माझ्याहून उंच वाटते, पण ते तिच्या सँडल्समुळे. घरात अनवाणी असते तेव्हाही वाटते, ते सवयीमुळे.

शनिवार, १० मार्च.

रिपोर्ट तयार. मी सांगितला, रुचाने इंग्रजीत टाइप केला. रुचा माझी धाकटी बहीण. आई-बाबा गेल्यापासून आमच्याकडेच असते, बर दुबईत ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करते.

मी सुरुवात केली: मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी, घरचं सगळं चांगलं. रुचा हसायला लागली. दादा, हा फुटबॉलचा रिपोर्ट आहे की स्थळ आहे, म्हणाली. मी म्हटलं, माणूस पारखायची पद्धत एकच असते, तू टाइप कर. मग मी असं वाक्य सांगितलं की माझ्याच अंगावर काटा आला. उंची ही मोजपट्टीची भानगड आहे, माणूस छातीच्या आत मोजायचा असतो.

रुचाचे हात थांबले. हे नक्की घालू का, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, ठळक अक्षरात घाल. तिने घातलं, खाली माझी सही घेतली, आणि एक कॉपी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. बहिणीला अभिमान वाटणारच.

शुक्रवार, १६ मार्च.

सुलक्षणाने बातमी दिली. रुचाला एक मुलगा आवडलाय. प्रसन्न मोघे. जेबेल अलीला शिपिंग कंपनीत आहे, मूळ पुण्याचा. रुचा म्हणते, दादाने हो म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. हे मात्र संस्कार.

मी विचारलं, उंची किती? सुलक्षणा म्हणाली, आधी माणूस तर बघा. याचा अर्थ मला कळतो. वीस वर्षं परचेस केलंय. सेल्समन साइज सांगायचं टाळतो तेव्हा माल लहान असतो.

पुढच्या शुक्रवारी कांदेपोहे.

शुक्रवार, २३ मार्च.

ड्राफ्टच्या आधी पोरांची तपासणी होते, असं साहेबांनी सांगितलं होतं. अनवाणी उभं करून मोजायचं, पळवायचं, चेंडू टाकून बघायचा. म्हटलं, आपणही शास्त्रशुद्ध काम करू.

अनवाणीचा प्रश्न आपल्याकडे दारातच सुटतो. बूट काढले आणि मुलगा इंचभर खाली आला. मग स्वयंपाकघराच्या चौकटीवर स्वानंदीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत तिथे, गंमत म्हणून, त्याला उभा केला. पाच फूट तीन इंच, वर जेमतेम पाऊण. रुचा पाच चार. म्हणजे मुलगा मुलीपेक्षा बुटका! त्या रेघेपुढे मी बारीक अक्षरात प्रसन्न असं लिहून ठेवलं. रेकॉर्ड असावं.

पळणे. पोह्यांवर लिंबू नाही असं दाखवून त्याला खालच्या बकालात, म्हणजे किराणा दुकानात, पिटाळलं आणि घड्याळ लावलं. लिफ्ट बंद. तरी हा पठ्ठ्या एवढ्यात परत, की मी घड्याळ तपासलं. लिंबं आणली, सुलक्षणाला दही, स्वानंदीला चॉकलेट. कोणी सांगितलं होतं? लक्ष विचलित होतं. तसं लिहिलं.

झेलणे. हे ठरवून नव्हतं. सुलक्षणाच्या हातातला ट्रे कलंडला आणि कप निघाला खाली. प्रसन्नने बसल्या जागेवरून झेलला. एका हाताने. निष्काळजी पद्धत. चांगल्या घरचा मुलगा दोन हातांनी झेलतो. स्वानंदीने टाळ्या वाजवल्या, बाबा, जस्ट लाइक युअर कोडी! मुलांना कुठे काय बोलावं कळत नाही.

जाताना वाकून नमस्कार केला. वाकायला त्याला फार वेळ लागला नाही.

सोमवार, २६ मार्च. गुढीपाडवा.

गुढी बाल्कनीत. वॉचमन हनीफ खालून ओरडला, साब, लोटा गिरेगा. पडला नाही. सुताराने बांधला नसेल इतका घट्ट मी बांधला होता.

श्रीखंड-पुरीनंतर निकाल दिला. नाही. मुलगा गुणी आहे, पण उंची कमी. लोक हसतील. फोटोत कसं दिसेल?  रुचाचे डोळे भरले. मग आत गेली आणि पर्समधून माझा रिपोर्ट घेऊन आली. ठळक वाक्य मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, ते फुटबॉलचं आहे, हे लग्न आहे, फुटबॉलमध्ये फोटोला कोण बघतंय?

सुलक्षणा म्हणाली, अहो, पण मग तुमची पारख कुठली धरायची, तिथली की इथली? मला राग आला. मी म्हटलं, माझी पारख एकच आहे आणि ती चुकत नाही. कोडीला कोणी घेतलं नाही तर माझी पारख खोटी, मग रुचाने खुशाल प्रसन्नशी लग्न करावं, मी तोंड उघडणार नाही!

रुचाने डोळे पुसले. आणि घेतलं तर, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, घेतलं तर जगाला कळेल की उंचीचा प्रश्नच नाही!

सुलक्षणाला एकदम ठसका लागला, ती स्वयंपाकघरात पळाली. श्रीखंडात केशर जास्त पडलं असावं.

वादात मी हरत नाही.

गुरुवार, ५ एप्रिल.

बर दुबईला देवळात गेलो. तिथे एक गुरुजी पत्रिका बघतात. कोडीची जन्मवेळ साहेबांकडे मागितली होती. ते बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत होते. प्रभावित झाले. वेळ मिळाली नाही, म्हणून नावावरून रास काढली. कोडी म्हणजे मिथुन. गुरुजी म्हणाले, मुलगा चपळ, एप्रिलअखेर योग उत्तम, घरी शुभकार्य. दक्षिणा देऊन आनंदात निघालो. कोणाच्या घरी हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी फोन. प्रसन्नची आई पुण्याहून. दुसरं स्थळ सांगून आलंय, अक्षय्य तृतीयेपर्यंत काय ते कळवा, नाहीतर आम्ही पुढे जातो. आवाज गोड होता, अर्थ नव्हता. प्रसन्नने आईला अडवून धरलंय म्हणे.

रुचा जेवली नाही. काम आहे म्हणाली. काही काम नव्हतं. तिच्या खोलीतून मुसमुसण्याचा आवाज येत होता आणि मी बाहेर कॅसेट लावून बसलो होतो. आवाज वाढवला. बरं नाही वाटलं, खरं सांगायचं तर. रुचा गेली की घर रिकामं होणार, हेही आहेच. रिपोर्ट कोण टाइप करणार? पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

शनिवार, १४ एप्रिल.

साहेबांनी माझा रिपोर्ट मीटिंगमध्ये वाचून दाखवला. निर्व्यसनी, सुस्वभावी, घरचं सगळं चांगलं, हे वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अमेरिकन माणूस भावनाप्रधान असतो. जग, म्हणाले, यू शुड बी इन अ डिफरंट डिपार्टमेंट. जगन्नाथ त्यांना जमत नाही.

प्रमोशन नक्की. नवीन टाय बघून ठेवला.

घरी रुचा आणि सुलक्षणा मीना बाजारातून साड्या घेऊन आल्या. कोणाचं लग्न, विचारलं. सहज, म्हणाल्या. बायकांना दुःखातही खरेदी सुचते.

रविवार, २२ एप्रिल.

काल ड्राफ्टचा पहिला दिवस झाला. विलीचा खांब काल दुसऱ्याच फेरीत गेला. ठीक आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार. कोडी आज जाणार. आज उरलेल्या फेऱ्या. इन्शाल्ला.

विचित्र गोष्ट म्हणजे रुचा मजेत आहे. गुणगुणत होती. मी म्हटलं, आज तुझ्या भावाची परीक्षा आहे. ती म्हणाली, दादा, कसाही निकाल लागो, मी तुझ्याच बाजूने आहे. गहिवरून आलं.

सोमवार, २३ एप्रिल.

नाही घेतला.

सात फेऱ्या. शेकड्यांनी पोरं उचलली. त्यात माझा कोडी नाही. साहेब म्हणाले, खलास, जग, ही इज फाइव्ह सेव्हन. कप विलीला. विलीने माझ्या टेबलावर केक आणून ठेवला, वर बोलला, वाईट वाटून घेऊ नको रे बाबा, तुझा पोर पळतो मात्र वाऱ्यासारखा. केक चांगला होता, हे आणखी वाईट. परचेस मॅनेजरची जागा कंपनीने रद्द केली. डिफरंट डिपार्टमेंट म्हणजे स्टोअर्स, हे आज कळलं. गास्केट मोजायची.

वाईट वाटलं ते कपाचं नाही, जागेचंही नाही. त्या पोराच्या घरी त्याची आई फोनपाशी बसली असेल. एवढं पळून दाखवलं, एका हाताने झेलून दाखवलं, आणि शेवटी कोणीतरी पट्टी काढली. असल्या लोकांचा मला संताप येतो.

हे मी घरी मोठ्याने बोललो.  मग सुलक्षणाने पाडव्याचं बोलणं शांतपणे परत सांगितलं. कोडी हरला तर रुचाचं लग्न. आणि कोडी जिंकला असता, तर उंचीचा प्रश्नच नाही, म्हणजे पुन्हा रुचाचं लग्न. छापा पडला तरी तेच, काटा पडला तरी तेच. हे मीच बोललो होतो, तेही श्रीखंड खाताना. साड्या तेव्हाच का घेतल्या, ते कळलं.

पुण्याला फोन मी स्वतः लावला. हो म्हटलं. रुचा गळ्यात पडून रडली. मीही रडलो, पण थोडा.

गुरुवार, २६ एप्रिल. अक्षय्य तृतीया.

घरातल्या घरात साखरपुडा. प्रसन्नचे एक काका शारजाहून आले होते, ते पावणेसहा फुटांचे. मी वडीलकीच्या नात्याने प्रसन्नला बाजूला घेऊन एक युक्ती सांगितली. बोहल्यावर नवरदेव पाटावर उभा राहतो ना, तिथे एकावर एक दोन पाट ठेवायचे. अंतरपाट धरलेला असतो, खाली कोणाचं लक्ष जात नाही.

बाजूला घेतलं होतं, पण आवाज माझा मोठा. सुलक्षणाला हसू आवरेना. सगळ्यांसमोर सांगितलं तिने. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होते, हार घातला, आणि पाटांवरून उतरले तर यांचं डोकं थेट माझ्या भुवईपाशी आलं. दोन पाट होते, म्हणाली.

मला वाटत होतं, हे फक्त भटजींना माहीत आहे. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, अहो, पाट मोजून नवरा परत करायला मी काय परचेसमध्ये आहे? हे म्हणताना तिने माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

तेवढ्यात स्वानंदी, कार्टी, मला ओढत चौकटीपाशी घेऊन गेली. नाऊ यू, बाबा. नो शूज. पेन्सिल टेकवली. बाबा, हील्स डाउन, म्हणाली. टेकवल्या.

माझी रेघ प्रसन्नच्या रेघेखाली आली.

कोणी हसलं नाही. प्रसन्न लगेच म्हणाला, दादा, पेन्सिल घसरली वाटतं, चौकटही वाकडी आहे. पोरगा गुणी आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

संकल्प: चौकट रंगवून घेणे. रंग प्रसन्नच आणणार आहे, लावणारही तोच. वरपर्यंत त्याचा हात पोचतो.