खुर्चीवरची सयामा

मौलम्याइन
जानेवारी

प्रिय म्या ठ्वे,

फोन न करता पत्र का, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणशील. कारण फोनवर तुझा चेहरा दिसतो आणि तुझा चेहरा दिसला की मी गोड बोलायला लागते. परवा तू विचारलंस, माझ्यासाठी बांधलेल्या खोलीला कुठला रंग द्यायचा, तर मी म्हणाले फिकट हिरवा. का म्हणाले कुणास ठाऊक. मला फिकट हिरवा मुळीच आवडत नाही, आणि त्या वेळी माझ्या मनात रंगाचा विचारही नव्हता. म्हणून हे पत्र. म्यावडीच्या गाडीवाल्याकडे देतेय, तो सीमेपलीकडे टपालात टाकील.

आधी डिसेंबरातल्या त्या रविवारचं बोलू. त्या दिवसाबद्दल आपण दोघी अजून एक अक्षर बोललेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मोहिंगा खायला घरी येणार होतीस. मी केळीचा गाभा घालून रस्सा करून ठेवला होता, आणि तू पहिल्या गाडीने निघून गेलीस. मग फोनवर सांगितलंस की ऑर्किडना पाणी घालणाऱ्या बायका सुट्टीवर गेल्या, म्हणून घाई झाली. मी म्हटलं, हो का. तुला माझ्यासमोर बसून खाणं जड गेलं असणार, आणि खरं सांगू, तू आली नाहीस तेव्हा मलाही सुटल्यासारखंच झालं. रस्सा दोन दिवस एकटीने संपवला.

त्या रविवारी मी कॉलेजात गेले ती चहाच्या ताटल्या लावायला. आपल्या वर्गाचा कदॉचा समारंभ, कॉलेज सुटून तीस वर्षं झाली तरी सगळे आपापल्या गावांहून नि देशांहून आलेले, आपल्याला शिकवलेल्या म्हाताऱ्या सयांना वर खुर्च्यांवर बसवायचं, खाली चटयांवर आपण बसायचं, तीनदा वाकायचं, ब्लँकेट नि औषधांच्या पिशव्या हातात द्यायच्या. यात माझं काम काय, तर गावातली म्हणून चटया आणि चहाच्या पानांचं लफे. मी मागच्या खोलीत लफेत शेंगदाणे कालवत होते, तेवढ्यात को तुन शेन आला. वनस्पतिशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर घोरणारा आपला तुन शेन, आता अर्ध्या जिल्ह्याचं रबर त्याच्या गोदामातून जातं. हातात माईक तसाच चालू. म्हणाला, "तिन न्वे, तू इथे काय करतेस? वर चल, तुझी खुर्ची मांडलीय." मी म्हटलं, अरे मी तुमच्याच वर्गातली, वेड लागलंय का तुला. तर तो त्या चालू माईकमध्ये म्हणतो, "वर्गातली होतीस. आता इथे शिकवतेस, आमच्या कॉलेजची सयामा आहेस. आम्ही सगळे पळालो, तू राहिलीस." अख्ख्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताला शेंगदाण्याचं तेल होतं, ते पुसायलाही त्याने वेळ दिला नाही.

तू चटईवर पहिल्याच रांगेत होतीस. त्या गर्दीत तुला एकटीला ठाऊक होतं की मी महिन्याभरापूर्वीच तुला हो म्हटलंय, माझा पासपोर्ट आलाय, परीक्षा संपल्या की मी थायलंडला, नाखोन पाथोमच्या तुझ्या बागेत येणार आहे आणि पुन्हा परतायची नाही. मला वाटलं होतं तू हसशील. हसली असतीस तर बरं झालं असतं, मीही हसून खाली उतरले असते. पण तू तोंड गंभीर करून हात जोडलेस.

मी उतरायचा प्रयत्न केला, हे मात्र तुला सांगायचंय. शेजारच्या खुर्चीवर आपले सया ऊ थेन न्यून होते, त्यांना आता फारसं दिसत नाही. मीही त्यांची विद्यार्थिनीच की, खाली बसून त्यांना वाकते, असं म्हणत उठायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "बस गप. वाकायला खाली माणसं पुष्कळ आहेत, वर बसायला कुणी उरलं नाही." आणि सोडेनात. मग तुन शेनने ते सगळं म्हणायला सुरुवात केली. शरीराने, वाणीने, मनाने आमच्याकडून जे काही अपराध घडले असतील त्यांची क्षमा असावी. कदॉ हा शब्द किती लबाड आहे बघ, नमस्कार तोही कदॉच आणि माफी मागणं तेही कदॉच. साठ-सत्तर माणसं कपाळ टेकून माझी माफी मागत होती, आणि अपराध करून बसलेली मी वर. तेव्हा उठून माईक घ्यायला हवा होता. 'मी चाललेय रे, मला कसलं वाकता,' एवढंच तर म्हणायचं होतं. तोंडून काय निघालं, तर आशीर्वाद. निरोगी राहा, संकटं दूर राहोत, मनातलं पुरं होवो. सया जसे म्हणतात तस्साच सूर लागला, हेल काढून. तुझं डोकं अजून चटईवर होतं. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि पाय थंड.

आणि राहिले म्हणजे तरी काय केलं मी? ते तुन शेनला वाटतं तसं काहीच नव्हतं. आपल्याकडे बढती म्हणजे बदली. मला तीनदा बढती आली आणि तिन्ही वेळा मी नको म्हणून लिहून दिलं, हे गावात सगळे कौतुकाने सांगतात. पहिल्यांदा आईला अर्धांगवायू झाला होता. दुसऱ्यांदा आई बरी होती, पण उत्तरेकडच्या मिच्चिनाची थंडी आणि तिथल्या रानातल्या जळवा यांची मला भीती वाटली. वनस्पतिशास्त्राची बाई आणि जळवांना घाबरते, हे कुणाला सांगू? आईचं नाव पुढे केलं. तिसऱ्यांदा तर मला कारणही आठवत नाही, सवय झाली होती. कॉलेजवर प्रेम होतं म्हणून राहिले, असं मी कधीच म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. लोक म्हणत गेले, मी ऐकत गेले, आणि ऐकायला गोड वाटायचं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा तिसऱ्याच दिवशी माझ्या मनात आलं, आता मी कुठेही जाऊ शकते. याचीही लाज वाटली होती, पण ती थोडी.

मग त्याच माईकवरून वर्गातर्फे कॉलेजला सूक्ष्मदर्शक देणार असल्याचं जाहीर केलं. ते तुझ्याच डोक्यातून निघालं होतं ना? तुन शेन सभागृह रंगवायचं म्हणत होता, तू अडून बसलीस. आपल्या वेळी चालू असलेले दोनच होते, आणि एकावर आठ-नऊ जणी. तुझी पाळी येईपर्यंत घंटा व्हायची, तू माझ्या वहीतून पाहून चित्र काढायचीस आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवायचीस. एकदा पोटात दुखल्याचं नाटक करून तू मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत थांबलीस, आणि काचेखाली काहीच ठेवलेलं नव्हतं, अर्धा तास तू स्वतःच्या पापण्या बघत बसलीस. तेव्हा आपण किती हसलो होतो. तर त्या तुझ्या हट्टाची बारा नवीन यंत्रं जाहीर करून तुन शेन पुढे म्हणाला, तिन न्वे आहे तोवर आपल्याला काळजी नाही. पुन्हा टाळ्या.

मला राग आला, म्या ठ्वे. लिहू की नको असं झालं होतं, पण आला. तुम्ही वर्षातून एकदा येता, फोटो काढता, वाकता, पाकिटं देता, रडता, आणि संध्याकाळच्या गाडीने जाता. कॉलेज तुम्हाला आहे तिथेच हवं असतं, त्याच भिंती, तोच वास, आणि ते राखायला कुणीतरी एक बाई. तुम्ही आपल्या कॉलेजला यंत्रं दिलीत आणि त्यांच्याबरोबर मलाही देऊन टाकलंत, मला न विचारता. असं मनात येत होतं आणि समोर शान राज्यातून दोन दिवस प्रवास करून आलेली आपली बुटकी न्योन्यो माझ्या पायाशी लुंगीचा जोड ठेवत होती, तिच्या डोळ्यांत पाणी. माणसं इतक्या प्रेमाने देत असताना जिला राग येतो ती मी. त्याची लाज वेगळीच.

खोकी दहा दिवसांनी आली. आमच्या विभागाच्या प्रमुख सयामा सान्दा, मंडालेकडून बदलून आलेल्या, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, वाईट नाहीत, पण जीभ तिखट. त्यांनी खोकी न उघडताच प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवायला सांगितली. पाहुणे आले की दाखवायला. मी म्हटलं, मुलांनी वापरायचं कसं? त्या म्हणाल्या, ताब्यात घेतली म्हणून कुणीतरी सही करा आणि वापरा. आपल्याकडे सहीला का घाबरतात ते तुला ठाऊक आहेच. एक भिंग तडकलं तरी सही करणाऱ्याच्या पगारातून कापतात, आणि पुढची तपासणी होऊन दुसरा कुणी ताबा घेईपर्यंत त्या माणसाचा राजीनामाही पुढे सरकत नाही. तपासणी कधी, ते वरच्यांनाही माहीत नसतं. विभागातल्या सगळ्याजणी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मीही.

तेव्हाच म्हटलं, आता सांगून टाकावं. दार लोटून त्यांना एकटीला सांगितलं की मी परीक्षेनंतर सोडतेय, थायलंडला मैत्रिणीकडे चाललेय, त्यामुळे मी सही करणं बरोबर नाही. कदॉच्या दिवशी त्याही सभागृहात होत्या, भिंतीशी उभ्या. कागद आवरत, अगदी सहज म्हणाल्या, "जा की. मी कोण अडवणार? पण कदॉ घेताना बऱ्या बसला होतात."

बस, एवढंच. पुढे त्या परीक्षेच्या वेळापत्रकाचं बोलायला लागल्या. मी 'हो, हो' करत बाहेर आले, जिन्यापर्यंत गेले, परत फिरले आणि सही करून आले. बाराच्या बारा. लिहिताना अक्षर इतकं वाईट आलं की कारकुनाने दुसऱ्यांदा करायला लावली.

तुला वाटेल आता मी लिहीन की पोरींनी पहिल्यांदा कांद्याची साल पाहिली, त्यांचे चेहरे उजळले आणि माझं मन भरून आलं. पोरींनी पाहिलं खरं, एकीने तर काचेतून डोळा न काढता "सयामा, हे हलतंय" म्हणून मला हाक मारली, तिचं स्वतःचंच बोट काचेला लागत होतं. पण मला घामच फुटला. प्रत्येक हात यंत्राकडे गेला की मला माझा पगार दिसत होता. पहिल्या दिवशी मी तिघींवर ओरडले.

तर म्या ठ्वे, मी येत नाही. हे सांगायला पत्र होतं, आणि सांगायला एवढी पानं लागली. प्रासितसारखा नवरा गेल्यापासून संध्याकाळी त्या एवढ्या बागेत तुला बोलायला माणूस नाही, तू माझ्यासाठी खोली बांधलीस, पंखा लावलास, आणि मी तुला पत्रातून नाही म्हणतेय. माझ्याकडून शरीराने, वाणीने, मनाने जे घडलं त्याबद्दल कदॉ. हे खरं कदॉ आहे, त्या दिवशीच्यासारखं नाही. आता गावात बातमी पसरेल की सयामा तिन न्वे परदेशातली नोकरी नाकारून कॉलेजसाठी राहिली, तुन शेन पुढच्या वर्षी ते माईकवरून सांगेल, आणि मी गप्प बसेन, मला माहीत आहे. म्हणून तुला एकटीला लिहून ठेवते. मला यायचं होतं. मनापासून यायचं होतं, अजूनही आहे, आणि मी राहिले ती प्रेमाने नाही, लाजेने. बाकी सगळ्यांना काय वाटायचं ते वाटू दे, तू मात्र मला थोर समजू नकोस.

माफ करशील तर तुझीच,
तिन न्वे