उलट्या आट्यांचा नट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा घरगुती मशीनच्या मोटरी दुरुस्त करणे, माझ्यामागे काय कुणाला जावे ते लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहिण्यासाठी कुणी दबाव आणलेला नाही. तो आणणे माझ्या पत्नीलाही पंचेचाळीस वर्षांत जमलेले नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. ती आहे तोवर घर विकण्याचा विषय कुणी काढू नये.

कलम २. मेहुण्याने नऊ वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलेले ड्रिल मशीन त्याच्याकडेच राहू द्यावे. निदान माझ्या फोटोसमोर तरी त्याला मान वर करता येईल.

कलम ३. शेजारच्या शिंप्याला माझा रेडिओ द्यायचा होता. पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. शिंप्याला हे अजून पटलेले नाही.

कलम ४. दुकान, सगळी हत्यारे आणि फळीवरचा निळा व्हॅक्यूम क्लीनर माझ्या मुलीचा. वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नसते. मला आहे.

कलम ५. हा व्हॅक्यूम क्लीनर शाळेतल्या एका बाईंचा. कंपनीवाल्यांनी मोटर गेली, नवीन घ्या, असे सांगितल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मोटर गेली नव्हती. मोटरीला वीज पोचवणारे कार्बन झिजले होते आणि बेअरिंग ओरडत होते. अर्ध्या दिवसाचे काम. मात्र बेअरिंग काढायचे तर आधी पंखा काढावा लागतो, आणि या मोटरीत दांड्यावर पंखा धरून ठेवणारा नट उलट्या आट्यांचा असतो. नेहमीसारखा फिरवला तर सुटत नाही, आणखी आवळतो. मुलीला हे मीच शिकवले होते.

त्या दिवशी ती यायच्या आधी मी पाना लावला. घाईत होतो, नेहमीच्या बाजूला जोर दिला. आत काहीतरी कट्कन वाजले. मी पाना काढला, मोटर तिच्या टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा तिने नट बरोबर दिशेने फिरवला होता, आणि दांड्याचे टोक नटासकट तिच्या हातात आले होते. शिंपी आणि न्हावी दारातच उभे होते. मी म्हणालो, "उलटे आटे ओळखता येत नाहीत, आणि म्हणे दुकान सांभाळणार." दोघे हसले.

ती एवढेच म्हणाली, "बाबा, मी बरोबर फिरवला होता." मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिने पाना जागेवर ठेवला आणि गेली. याला अकरा वर्षे झाली. आता ती एका मोठ्या दुकानात नवीन मशीन विकते. आईला भेटायला येते. मला विचारते, "जेवलात का?" त्यापुढे काही नाही.

बाईंना मी पदरमोड करून नवे मशीन दिले. जन्मात तेवढेच एक मशीन मी दुरुस्त न करता बदलून दिले. या मोटरीचे जुने आर्मेचर, म्हणजे दांड्यासकट फिरणारा भाग, मिळायला चार वर्षे लागली. ते बसवले, कार्बन बदलले. आता रोज त्यानेच दुकान झाडतो. मोटर सुधारली, मी नाही.

दांडा माझ्या हातून तुटला. मुलीची काहीही चूक नव्हती. दुकान तिने चालवावे किंवा विकावे. पण कसब नव्हते म्हणून ती गेली, असे कुणी म्हणू नये.

कलम ६. हे सगळे मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. शिंपी म्हणाला, "मेल्यावर माफी मागितलीस तर ती कुणाशी बोलणार? तुझ्या फोटोशी?" त्याचे बरोबर आहे. म्हणून बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. कलम पाच आजपासून लागू आहे. त्याची प्रत घेऊन मी आत्ता तिच्याकडे निघालो आहे.

सही : मोटरवाले काका

साक्षीदार : यांनी आमच्यासमोर वाचले, आमच्यासमोर सही केली. त्या दिवशी आम्ही हसलो होतो, ते चुकले. आम्हीही सोबत जात आहोत.
१. शिंपी (सही)
२. न्हावी (सही)

ठिकाण : दुकानातले तिचे टेबल
दिनांक : ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा