सहा हॉटेलं नापास

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस. त्या ‘हं’चा अर्थ हो की नाही, हे फक्त तुझ्या बायकोला कळायचं. ती गेल्याला दोन वर्षं झाली, आम्ही बाकीचे अजून अंधारात चाचपडतोय. म्हणून लिहिते.

दुकान दिलं एकदाचं. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, आता कुठल्याही मुलाची गुडघ्यावर फाटलेली पॅन्ट दिसली तर मी तोंड फिरवणार आहे. घेणाऱ्या बाईंनी माझी मोठी कात्री मागितली. ती काही दिली नाही.

एप्रिल संपता संपता मी लेकीकडे जाणार, तीही कायमची. विमानाने अकरा तास लागतात. दोन वर्षांत तू स्वतःच्या गल्लीबाहेर एकदाही मुक्काम केलेला नाहीस, तेव्हा तू तिकडे येशील अशी आशा ठेवण्याइतकी मी खुळी नाही. म्हणून जायच्या आधीचे आठ दिवस मला तुझ्याबरोबर हवेत. चार जंगलात, चार समुद्रावर. साखळी नसलेला हत्ती मला एकदा बघायचाय आणि समुद्रात गुडघाभर पाण्यात तासभर नुसतं उभं राहायचंय. कुठे उतरायचं ते तूच ठरव. मी ठरवलं तर तू खोट काढणार, हे मला पाळण्यापासून माहीत आहे.

लोभ आहे तो वाढव, ‘हं’ कमी कर.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. सूचना तत्त्वतः मान्य आहे. मात्र उभा जन्म लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेल्यामुळे डोळे मिटून कुठेही पाय टाकणं मला जमत नाही. म्हणून ऑफिसात वापरायचो त्या धर्तीवर एक तपासणी-तक्ता तयार केला आहे. अडतीस प्रश्न आहेत. जंगलातल्या तीन आणि समुद्रावरच्या तीन हॉटेलांना पाठवला. तुझ्या माहितीसाठी एक प्रत सोबत जोडली आहे.

प्रश्न साधेच आहेत. जिन्याला पायऱ्या किती, आणि सगळ्या सारख्या उंचीच्या आहेत का? खोलीचं दार आत उघडतं की बाहेर? तरणतलाव किती खोल? जंगलवाल्यांना हत्ती आणि जेवणघर यांमधलं अंतर विचारलं आहे, समुद्रवाल्यांना भरतीच्या वेळचं समुद्र आणि जेवणघर यांमधलं. खाली ‘तपासनीस (निवृत्त)’ अशी सही केली. त्यातलं ‘निवृत्त’ जरा बारीक उमटलं, पण वाचता येतं.

कात्री दिली नाहीस हे उत्तम केलंस. कळावे, आणि कळवावे.
तुझा धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तक्ता वाचला. खिडकीच्या गजांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये विचारणारा पाहुणा त्या लोकांनी जन्मात पाहिला नसेल. सुट्टीला निघालायस की धाड घालायला?

असो. मी तयारीला लागले आहे. गणवेशाचं उरलेलं खाकी कापड होतं, त्याचे दोघांना जंगलात घालायला शर्ट शिवले. तुझ्या शर्टाला चार खिसे ठेवलेत, मोजपट्टी तू आणणारच. समुद्रासाठी मात्र काहीतरी रंगीत घे. तुझ्याकडे सगळे राखाडी शर्ट आहेत, समुद्रालाही कंटाळा येईल.

उत्तरं आली की लगेच लिही. मी इथे दिवस मोजत बसले आहे.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. सहाही ठिकाणची उत्तरं आली. इतक्या तत्परतेने आली की हॉटेलच्या धंद्याबद्दल माझा आदर दुणावला.

समुद्रावरच्या पहिल्या हॉटेलने तिन्ही मजल्यांचे दाखले आणि रांगेत ताठ उभ्या असलेल्या नोकरवर्गाचा फोटो पाठवला. मालक स्वतः मला भेटायला येऊ इच्छितात, घरी की बाहेर ते मी सांगायचं. इतकी लगट मला आवडत नाही. नापास. दुसऱ्याने कळवलं की तरणतलाव कालच रिकामा केला, आपण निश्चिंत असावं. मी फक्त किती खोल एवढंच विचारलं होतं. बिनपाण्याचा तलाव काय कामाचा? नापास. तिसऱ्याने सगळ्या प्रश्नांना ‘होय’ असं उत्तर दिलं आहे. दार आत उघडतं की बाहेर, यालाही ‘होय’.

जंगलातलं पहिलं हॉटेल वरचा मजला दुरुस्तीसाठी तातडीने बंद करत आहे, म्हणजे दोष होताच. दुसऱ्याने लिहिलं की हत्तींना आवारात येण्यास सक्त मनाई केली आहे. हत्तींना ते कसं कळवलं, याचा खुलासा नाही. तिसऱ्याचे मॅनेजर तक्ता पोचल्या दिवसापासून रजेवर आहेत.

एकूण सहाही नापास. मला वाटतं, या वर्षी हे राहू दे. तूच आठ दिवस माझ्याकडे ये. इथला जिना आपल्या ओळखीचा आहे. राग मानू नकोस.
तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडूनच. नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!

तुझी लक्षणं मला आधीच दिसत होती. म्हणून तू पाठवलेली तक्त्याची प्रत मी गेल्याच महिन्यात सातव्या जागी टाकली, माझ्या पत्त्यासह. नदीकाठी खांबांवर उभ्या सहा झोपड्या आहेत, एक बाई चालवतात. तिथून दोन तासांवर समुद्रावरही त्यांची चार खोल्यांची जागा आहे, तिचंही उत्तर त्यांनीच दिलं. म्हणाल्या, पायऱ्या सात आहेत, एकीसारखी दुसरी नाही. दार बाहेर उघडतं आणि कडीला सुतळी बांधावी लागते, कारण नुसती कडी माकडं काढतात. हत्ती आणि जेवणघर यांच्यातलं अंतर सोमवारी तीस पावलं होतं, मंगळवारी हत्ती जेवणघरातच होता. समुद्रावर भरतीला पाणी व्हरांड्यापर्यंत येतं, खुर्च्या आत घ्याव्या लागतात.

शेवटी त्यांनी एक गोष्ट लिहिली आहे, ती नीट वाच. म्हणाल्या, तक्ता पाहून आधी घाबरल्याच. राहायला येणारा माणूस पहिल्याच ओळीत किती जण येणार ते लिहितो. ते न लिहिता पायऱ्या विचारतो तो तपासायला येणारा. मग त्यांनी ठरवलं की होईल ते होवो, खरं तेच लिहावं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की तो बिचारा तलाव का रिकामा झाला आणि मॅनेजर रजेवर का पळाला! तू हॉटेलांत खोली मागितलीच नव्हतीस. सहा ठिकाणी नुसती दहशत पसरवलीस.

आधी तासभर हसले. मग बाईंनी उत्तरांसह परत पाठवलेला तक्ता पुन्हा काढला. वर तूच ‘व्यक्ती’ असं लिहून पुढे रेघ मारली आहेस, आणि ती रेघ मोकळी आहे. एक रकाना रिकामा राहिला म्हणून अख्ख्या इमारतीची लिफ्ट बंद करणारा तू. तू विसरलास, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

खरं सांग, तुला यायचं नाही का? नको असेल तर सरळ नको म्हण. मी रागावेन, रडेनही, पण सहा हॉटेलांच्या डोक्यावर खापर फोडू नकोस. मला तुझी काळजी वाटते रे. मी इथून गेल्यावर तुझा तो ‘हं’ ऐकायला कोण आहे?

वाट पाहते.
तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र चारदा वाचलं.

रेघ विसरून मोकळी राहिली नाही. संसाराची चौतीस वर्षं कुठेही उतरताना मी तिथे ‘दोन’ लिहीत आलो. या वेळीही हात ‘दोन’वरच गेला. मग लक्षात आलं की दोन हे खरंच आहे, तू आणि मी, पण खोल्या वेगळ्या लागणार. म्हणजे माझ्या खोलीत एक. ते ‘एक’ लिहवेना. पुढे लिहू म्हटलं आणि कागद पाकिटात घातला.

ही गेल्यापासून मला घरातही सलग झोप लागत नाही. परक्या खोलीत जाग आली आणि ही शेजारी नाही हे मी क्षणभर विसरलो, तर ते पुन्हा नव्याने कळेल. त्याची मला भीती वाटते, ताई. साठी उलटलेल्या माणसाने भीती वाटते म्हणावं, याची लाजही वाटते. फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून ‘हं’.

त्या बाईंना कळव, दोन माणसं, दोन खोल्या. सातही पायऱ्या वेगळ्या आहेत असं सरळ कबूल करणारा इसम मला सबंध नोकरीत भेटला नव्हता. मला जमेलच असं नाही. पण नको म्हणत नाही.
तुझा धाकटा

१२ एप्रिल, नदीकाठून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. परवा तू मला घ्यायला घरी येशील तेव्हा दाराला कुलूप असेल, म्हणून हे पत्र तुझ्या शहरात जाणाऱ्या जीपबरोबर तातडीने देतो आहे. घाबरू नकोस. मी पुढे आलो आहे. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी गुपचूप परतायचं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तुझी वाट पाहायची, असा बेत होता.

काल जेवून आडवा झालो, तो जागा झालो पावणेनऊला. बाई सांगतात की पहाटे माझ्या खिडकीखालून अकरा हत्ती गेले. त्यातल्या एकाने माझ्या छपराचं गवत उपसलं, बाकीचे पाहुणे आनंदाने ओरडत होते, आणि मी घोरत होतो. ज्यासाठी आलो तेवढंच चुकलं.

जाग आल्यावर हात शेजारी गेलाच. जागा रिकामी लागली. रडलो, चांगला पोटभर रडलो. मग भूक लागली. गेल्या दोन वर्षांत मला भूक लागली आहे हे मला दुसऱ्या कुणालातरी सांगावं लागायचं.

हत्ती रोज येतात म्हणे, तेव्हा तुझं काही चुकणार नाही. शर्ट बरोबर बसला. मोजपट्टी खिशात आहे, पण अजून काढलेली नाही.

आता एक काम कर. निघायच्या आधी लेकीला पत्र टाक, की ऑक्टोबरात मामा महिनाभर राहायला येतो आहे, तेव्हा पाहुण्यांची खोली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

लवकर ये.
तुझा धाकटा