सत्ताविसावी ओळ

सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३

खडकमाळच्या बनुबाईने आज माझ्या टेबलावर रिकामा हंडा ठेवला! थेट कागदांवर. "ह्यात तुमची यादी भरा, रावसाहेब."

मी हंड्याखालचे कागद ओढून काढले.

म्हणणे असे: पाण्याचा टँकर अकरा दिवसांपासून बौद्धवस्तीवर थांबत नाही. ड्रायव्हर सांगतो, "यादीत न्हाई." टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो. "तितं आमाला दोराला हात लावू देत्यात व्हय? कुनी वरनं वाढलं तर वाढलं. सून माजी नवव्या म्हैन्यात हाय, ती दोन कोस चालती पान्यासाठी."

मी सांगितले, अव्वल कारकून म्हणून प्रत्येक यादीवर शेवटची सही माझी. चूक असणे शक्य नाही. ती हसली. हंडा तसाच ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दुसऱ्या यादीची कार्बन प्रत आणि सध्या लागू असलेली तिसरी यादी शेजारी मांडून ताडल्या. बी.कॉम. झालो तेव्हापासून पट्टी लावल्याविना मी ओळ वाचलेली नाही. सव्वीस ओळी जुळल्या. सत्ताविसावी: दुसरीत 'खडकमाळ, बौद्धवस्ती'—तिसरीत नाही! अख्खी वस्ती गेली आणि कागदावर खाडाखोडसुद्धा नाही.

दोन्ही याद्या टंकलेखक आसारामच्या. बोलावले. "मी कशाला काढीन, रावसाहेब? मी तर ती—" मी अडवले. जे सांगायचे ते लेखी. नोटीस दिली: चोवीस तासांत खुलासा, अन्यथा निलंबनाची शिफारस.

पायरीवरून बनुबाई: "घावली का वस्ती?"

म्हटले, सापडली, परंतु पहिली यादी—माझ्या हस्ताक्षरातली, मूळ—पाहिल्याविना ओळ भरता येत नाही. ती दप्तरखान्यात आहे.

"वस्ती तर जाग्यावरच हाय की! चालत यून बगा."

बुधवार, १४ फेब्रुवारी

दप्तरखान्याची किल्ली सहादेवकडे, तो रजेवर. खुलासा नाही. आसाराम दिवसभर टाइप करीत होता. एकही चूक नाही. हे मला का खटकले?

गुरुवार, १५ फेब्रुवारी

खुलासा आला, एका दिवसाच्या विलंबाने. एकच वाक्य: 'दुसऱ्या यादीची रुजवातीची प्रत पाहावी.' उद्धटपणा! प्रत मुळाशी ताडून रुजवात घेणे या कचेरीला मी शिकवले. तहसीलदारसाहेबांना सांगून ठेवले—उद्या सहादेव हजर होईल, दप्तर उघडेल, निलंबनाचा कागद आपल्यापुढे येईल.

बनुबाई आली नाही. तिची सून पाण्याच्या वाटेवरच बाळंत झाली, असे शिपाई सांगत होता. मायलेकरू जिवंत आहेत.

हंडा अजून टेबलावर.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पहिल्या यादीत वस्ती नाहीच! लिहिताना मीच विसरलो होतो. आसारामने दुसरी टाइप करताना ती घातली; रुजवातीच्या प्रतीवर समासात त्याची पेन्सिल—'वस्ती निराळी. पाणी निराळे लागते.' ती यादी घाईत लागू झाली, रुजवात मी मागाहून घेतली. त्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ. 'मुळात नाही. वगळावे.' खाली माझी सही. त्यावरूनच तिसरी टाइप झाली. आठवणसुद्धा नव्हती!

टँकर वस्तीवर पाठवला—यादीविना. हंडाही त्याच्याबरोबर.

मंगळवारची नोटीस आसारामकडून पुन्हा टाइप करून घेतली. रुजवातही त्यालाच घ्यायला लावली. फरक एकाच ओळीत: नाव माझे.