दुभाषीला स्वतःचा ‘मी’ नसतो

६ ऑक्टोबर

करार महिनाअखेरीस संपतो आणि “पुढचं पुढे बघू.” म्हणजे गेली नोकरी!

आमच्या भाषांतर संस्थेच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे ‘मधाचं बोट’ म्हणतो. आज ते बोट माझ्यापुढे आलं. “अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. पाचवा महिना. त्यात तासन्‌तास त्या काचेच्या खोलीत बसायचं. आधी बाळाकडे बघ. मग ये की, दार उघडंच आहे.”

उघडं आहेच. बाहेर जायला.

“साहेब, मी आजारी नाही, गरोदर आहे,” म्हटलं. तर हसले. “बघ, लगेच चिडतेस!”

चिडले नव्हते. तेव्हा चिडले.

आणि वर कळस म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या परिषदेला मात्र मीच हवी! जागतिक परिषद, देशोदेशीचे प्रतिनिधी. विषय काय, तर स्त्रियांचे हक्क. तेवढं निस्तरायचं आणि मग घरी बसायचं.

७ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. “परिषद छान पार पाड. काम बघून ठेवतीलही.”

इतकी वर्षं काय मी तिथे माश्या मारत होते?

भांडण झालं नाही. भांडी जोरात घासली.

१३ ऑक्टोबर

परिषद सुरू. सभागृहाच्या मागच्या भिंतीत, वरच्या अंगाला आमची काचेची खोली. दोन खुर्च्या, दोन माईक, कानांवर हेडफोन. खाली बोलतात त्या परक्या भाषेतून आपल्या भाषेत, आणि कोणी आपली भाषा बोललं तर उलट. एकजण बोलतो, दुसरा दम खातो.

शेजारी थर्मास. तिला हे नाव मीच दिलं. गरम पाण्याचा थर्मास घेऊन येते आणि स्वतःही तशीच, आत काय आहे ते बाहेर कध्धी सांडत नाही. वयाने थोरली, मी ताई म्हणते. मला हे काम तिनेच शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’. तो खोटं बोलला तर खोटं. रडला तर रडका आवाज नाही काढायचा. दुभाषीला स्वतःचा ‘मी’ नसतो.”

तिला माझ्या कराराचं सांगितलं. हेडफोनची वायर सरळ करत म्हणाली, “पाणी घे.”

१४ ऑक्टोबर

दिवसभर किती जणी होऊन आले! एका देशाची न्यायाधीश झाले, एकीकडची कोळीण झाले, घरी परत जायची बंदी असलेली एक पत्रकारही झाले.

न्यायाधीश म्हणाली, “कायदा झाला. पण कायद्याला आमच्या घराचा पत्ता माहीत नाही.” एक शिक्षिका — “मुलींसाठी शाळा उघडली, टाळ्या वाजल्या. संडास पुढच्या वर्षी!” सगळे हसले, ती हसली नाही. आणि ती कोळीण — “माझी आई नवऱ्याच्या नावेत बसायची. मी माझ्या नावेत बसते. एवढ्यासाठी एक अख्खा जन्म गेला, पण गेला तो फुकट नाही.” हे बोलताना माझा आवाज हलला. थर्मासने टेबलाखालून पायावर पाय दिला.

पुरुष बोलायला उठले की गंमत. मी बाईच्या आवाजात “मी सांगतो, मी मानतो, मी आश्वासन देतो.” आपल्या भाषेत ‘मी’ला लिंग नाही, पण क्रियापद लगेच चहाडी करतं.

१५ ऑक्टोबर

माझ्या जागी एक नवी मुलगी घेतलीसुद्धा! थर्मासने सांगितलं. मुलाखतीत मधाच्या बोटाने विचारलं, “मुलंबाळं?” ती म्हणाली, “इतक्यात नाही.” झालं, पास.

तिच्यावर राग काढावासा वाटला. काढला नाही. काढायचा तो कुठे, ते पक्कं ठाऊक आहे.

१६ ऑक्टोबर

चपलाही न काढता लिहायला बसलेय, अक्षर वेडंवाकडं येणार. येऊ दे.

शेवटची बैठक. आपले उपमंत्री उठले आणि पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून परक्या भाषेत वाचू लागले. आपल्याच माणसाचं आपल्याच माणसांना मी आपल्या भाषेत सांगायचं! चाललं होतं नीट. मग ते वाक्य आलं. मी बोलत गेले — “आमच्या देशात आई होणार म्हणून एकाही स्त्रीची नोकरी गेलेली नाही, हे मी अभिमानाने सांगते.”

सांगते!

‘सांगतो’ म्हणायचं होतं. त्यांचं वाक्य होतं. पण तोंडातून माझं क्रियापद आलं आणि मी तिथेच थांबले. मी सांगते? हे? मी?

खाली आपल्याकडच्या लोकांच्या माना वळल्या, काचेकडे. थर्मासने शांतपणे माझा माईक बंद केला, स्वतःचा चालू केला, म्हणाली “सांगतो,” आणि पुढचं भाषण ओढून नेलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

हेडफोन काढला. जिना उतरले.

भाषणानंतर प्रश्नांसाठी माईक ठेवला होता, रांगेत उभी राहिले. अध्यक्षबाईंनी विचारलं, “आपण कुठल्या प्रतिनिधी?” त्यांच्याच भाषेत सांगितलं, “कुठलीच नाही. मी त्या वरच्या खोलीतली. परिषदभर तुमच्या तोंडचं बोलतेय. आता दोन शब्द माझ्या तोंडचे बोलू का?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बोला.”

मग मात्र मुद्दाम आपल्या भाषेत बोलले. उपमंत्र्यांना नीट कळावं म्हणून. “माझा पाचवा महिना आहे. गरोदर आहे म्हणून माझा करार वाढवत नाहीत. मी आजारी नाही. मला काम येतं. तुम्ही सगळ्यांनी आत्तापर्यंत ते ऐकलंय. आताच इथून सांगितलं गेलं की असं एकाही बाईबाबत झालेलं नाही. मग मी कोण?”

आणि वरून थर्मासचा आवाज सगळ्यांच्या कानांत! ती परक्या भाषेत सांगत होती, “माझा पाचवा महिना आहे.” केस पिकलेली थर्मास, साऱ्या जगाला! एक शब्द गाळला नाही. आवाजही हलवला नाही. माझा हलला होता, तिचा नाही.

उपमंत्री उठले. “हा वैयक्तिक मामला आहे.”

ते भाषांतर होऊन पोचायला क्षणभर लागला. मग मागून कोणीतरी फिस्स्‌कन हसलं. ती कोळीण! मग शिक्षिका. मग इकडून, तिकडून. वेगवेगळ्या देशांच्या बायका एकाच शब्दाला हसत होत्या. प्रत्येकीने तो आपापल्या भाषेत ऐकलेला होता.

१७ ऑक्टोबर

काढलं. महिनाअखेरही नाही, आजच. कारण — गोपनीयतेचा भंग!

कसली गोपनीयता? पोट माझंच होतं की.

१८ ऑक्टोबर

आईचा फोन. “चारचौघांत तोंड वर करून बोललीस म्हणे?”

“हो. खाली घालून बोललं तर माईकमध्ये येत नाही.”

मग म्हणाली, “जेवलीस का?”

२० ऑक्टोबर

नवरा त्या दिवसापासून घुम्यासारखा होता. “जरा थांबली असतीस तर—” एवढं एकदा म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. मीही उचललं नाही.

आज शाळेतून आला तो वेगळाच. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी टोमणा मारला, “वहिनी फार बोलतात वाटतं.” हा म्हणाला, “हो. दोन भाषांत.”

सांगताना स्वतःच हसला. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मी थांब म्हणायला नको होतं.” गणिताच्या मास्तरने उत्तर खोडून पुन्हा लिहिलं!

२३ ऑक्टोबर

कामगार कचेरीत तक्रार केली. कारकून मान वर न करता — “पुरावा?”

“समोर उभा आहे.”

मान वर केली. खुर्ची दिली.

२७ ऑक्टोबर

दोन ठिकाणी काम विचारलं. दोन्हीकडे माझं नाव आधीच पोचलेलं. “सध्या कोणी नको.”

भीती वाटते. मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर उद्या लोक म्हणतील, तिला काय, ती कुणाला भीत नाही.

तरी तक्रार मागे घेणार नाही.

३० ऑक्टोबर

थर्मास घरी आली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मधाच्या बोटाने तिला खोलीत बोलावून झापलं म्हणे — “तुम्ही तिचं भाषांतर का केलंत? माईक बंद करायचा!” ती म्हणाली, “माईकवर जे येतं ते मी बोलते. नियम तुमचाच आहे.” चौकशीला बोलावलं तर हेच तिथेही सांगेन म्हणाली.

मग खिडकीबाहेर बघत, अगदी कोरड्या आवाजात — “मी माझी दोन्ही बाळंतपणं शालीखाली लपवली. कळा यायला लागेपर्यंत काम केलं. पाठ दुखते म्हणून सांगायचे. तू म्हणालीस ना, ‘माझा पाचवा महिना आहे’? मला वाटलं, हे वाक्य केव्हापासून माझ्या तोंडात होतं.”

मी काहीतरी बोलणार होते. तिने हात वर केला. “भाषांतर नको.”

दोघी खूप हसलो. मग ती थोडी रडली. थर्मास!

६ नोव्हेंबर

दुपारी दारावर टकटक. अनोळखी मुलगी, घामाने डबडबलेली. “मी... तुमच्या जागेवर घेतलंय ना, ती.”

आत घेतलं, बसवलं. पाणी दिलं तर तिला मळमळायला लागलं. तेव्हाच ओळखलं. विचारलं, तर तिसरा महिना.

“कालच कळलं. ताईंनी त्यांच्या शालीचं सांगितलं. मी शाल-बिल घेणार नाही. साहेबांना तोंडावर सांगणार आहे. उद्या. तुम्ही... याल का बरोबर?”

म्हटलं, “उद्या कशाला?” आणि चपला घातल्या.