पिवळ्याचं तांबडं

आदरणीय वन्सं,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवते. प्रत्यक्ष ठेवायला आले तर वर उचलायला चार माणसं लागतील. तुमचा मोतीबिंदू काढला का, कवळी तोंडात बसली का अजून पेल्यातच हसते, आणि खालच्या भाडेकरणीशी बोलणं सुरू झालं का, ते सविस्तर कळवा. आम्ही बरे आहोत. म्हणजे आज बरे आहोत. मधे एक दिवस असा गेला की आज हे पत्र सांगायला मी आणि लिहायला हे, दोघं एका टेबलाशी बसू असं वाटलं नव्हतं.

अक्षर तुम्ही ओळखलंच असेल. तोंड माझं, हात तुमच्या धाकट्या बंधुराजांचा. (आक्का, कंसातलं सगळं माझं आहे. हिला वाचता येत नाही, त्यामुळे या घरात मला मोकळेपणी बोलायला एवढीच जागा उरली आहे.) आता बघा, मी "बंधुराजांचा" म्हणून थांबले तरी यांचं पेन चाललेलंच. असू दे. यांचं अक्षर पहिल्यापासून ऐसपैस.

यांच्या घशातली गाठ काढली हे तुम्हाला कळवलं होतंच. गाठ साधी निघाली, पण जागा वाईट. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं: टाके भरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, घसा कोरडा पडू द्यायचा नाही, जोरात खोकायचं तर मुळीच नाही. आतला टाका उसवला तर आवाज जाईल आणि गेलेला आवाज परत येणार नाही. मी आपली गंमत करायला म्हटलं, चला, उतारवयात का होईना, घरात शांतता आली. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

आता आमची पंचाईत ऐका. यांना लिहिता येतं पण बोलता येत नाही. मला बोलता येतं पण वाचता येत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं खरं, पण त्याचं अर्धं अंग वरच्या खोलीत खाटेवर आणि अर्धं खाली स्वयंपाकघरात. मुलगा-सून परगावी नोकरीला. हे वरून चिठ्ठ्या लिहून जिन्यात सोडायचे. पहिली चिठ्ठी मी समोरच्या शिंप्याकडे नेली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. शिंप्याने चष्मा लावला आणि बाजारात दवंडी पिटावी तशी वाचली: "आज भाजीत मीठ आहे की मिठात भाजी?" तेव्हापासून मी चिठ्ठी वाचून घेणं सोडलं. आलेल्या चिठ्ठ्यांची घडी करून मी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालते. टेबल आता खडकासारखं उभं आहे. (त्या पायाखाली माझं बरंच चांगलं गद्य पडलेलं आहे.)

हे सगळं फोनवर ऐकून आपली ठिणगी धावून आली. ठिणगी म्हणजे माझी नात हो. लहानपणी तारा जोडताना टेबलक्लॉथ पेटवला होता ना, तीच. आता मोठ्या कारखान्यात चिमुकली यंत्रं बनवते. तिने यांच्या खाटेला एक डबी लावली, तिच्यावर चार रंगांची बटणं, आणि माझ्या गळ्यात दोरीने एक पांढरं लॉकेट अडकवलं. यांनी वर बटण दाबलं की माझ्या गळ्यात त्या रंगाचा दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक आहे. निळा म्हणजे पाणी आण. पिवळा म्हणजे सवडीने ये, बसू जरा. तांबडा म्हणजे हातातलं टाकून धाव. निरोप कळला की लॉकेटची पाठ दाबायची, दिवा विझतो. वन्सं, आयुष्यभर जग माझ्याशी पाट्यांनी, पावत्यांनी आणि औषधांच्या चिठ्ठ्यांनी बोललं आणि मी "हो हो" करत मान हलवली. हे पहिलंच यंत्र असं, की ज्याने मला समजेल असं बोलावं.

आत एक काळी चिप आहे, मुंगीएवढी, पायांसकट. कोटाच्या बटणासारख्या एका चपट्या सेलवर ती जगते. सारखी झोपलेली असते, मधेच एक डोळा उघडून निरोप आलाय का बघते, नसला की पुन्हा झोपते. मला वाटलं, हे तर आमच्याच घरातलं माणूस. (त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ठिणगी समजावत होती तेव्हा ही मटार सोलत होती. आणि झोपण्याबद्दल बोलायचं तर ही स्वतः जेवणानंतर दोन्ही डोळे मिटते.)

सुरुवातीला सगळं छान चाललं. हे हिरवं दाबायचे आणि माझ्या छातीवर हिरवा थेंब पेटायचा. काय सांगू, तो पेटलेला असला की जिवाला बरं वाटायचं. वर माणूस ठीक आहे, हे भाजी चिरताना, भांडी घासताना डोळ्यांसमोर असायचं. म्हणून मी पाठ दाबायचेच नाही. तास न् तास हिरवा तसाच ठेवायचा. चुकून पाठ दाबली जाऊन विझला की जिन्यातून ओरडायचं, "अहो, ठीक आहात ना?" की हे पुन्हा हिरवं दाबणार. ठिणगी "आजी, दिवा विझवत जा हं" म्हणून गेली होती. पण विझवण्यासाठी का कोणी दिवा लावतं?

मग तो दिवस आला. सकाळपासून हिरवा नाही. मी दोनदा हाक मारली, लॉकेट काळं ते काळंच. म्हटलं, रुसले असतील, काल मी वर्तमानपत्र आधी शिंप्याला दिलं होतं. इतक्यात छातीवर तांबडा! हातातली परात टाकली, ती फरशीवर वाजत राहिली आणि मी जिन्यावर. एकेका पायरीला मी देवाला काय काय कबूल करत होते ते सांगत नाही, नाहीतर फेडावं लागेल. वर जाऊन बघते तर हे उशीला टेकून बसलेले, हातात पत्ते पिसतायत, आणि माझ्यासाठी समोर उशी मांडलेली. मी धापा टाकतेय आणि हे पत्ते वाटतायत! मी काय बोलले ते लिहू नका. (लिहीत नाही. शाईला सोसणार नाही.)

खाली आले, श्वास जागेवर येतोय तोच पुन्हा तांबडा. पुन्हा जिना. पुन्हा तेच: हे बसलेले, यावेळी चेहरा गरीब, दोन्ही हात जोडलेले, आणि एक चिठ्ठी पुढे केलेली. मी ती वाचू कशी? मी म्हटलं, "माणसाच्या जिवाशी खेळ मांडलाय का? गुडघे काय तुमच्या बहिणीकडून उसने आणलेत मी?" चिठ्ठी घेतली, खाली आणली आणि गेली टेबलाच्या पायाखाली. माझी पाठ वळल्यावर मागे दाराची कडी लागल्याचा आवाज आला. (वाऱ्याने.) हे हात हलवून वारा दाखवतायत, पण वारा आतून कडी लावत नसतो, हे यांनाही ठाऊक आहे, आत्ता लिहिताना कान लाल झालेत.

दुपारी मी भात उपसत होते आणि तिसऱ्यांदा तांबडा.

मी गेले नाही, वन्सं. स्टूल ओढलं आणि बसले. लॉकेट उलटं केलं, पण पदरातूनही तांबडं दिसतच होतं. मनात म्हटलं, बसा पत्ते पिसत. ठाण मांडून बसले. घरात काही आवाज नाही. आणि आवाज नाही म्हणून तरी काय समजायचं? आवाज नसायचाच होता, डॉक्टरांची आज्ञाच तशी. माणूस ठीक असला तरी हीच शांतता, नसला तरी हीच. भाताची पेज हातावर सांडली तरी मला कळलं नाही.

मग डोक्यात एकच गोष्ट आली. तुमचा भाऊ एकच थट्टा तीनदा करणारा माणूस नव्हे. दुसऱ्यांदा करतानाच यांना शेवट आठवत नाही. तिसऱ्यांदा केली, म्हणजे ती थट्टा नव्हती.

जिना कसा चढले ते मला माहीत नाही. दार बंद. आतून खोकला, पण असा, की खोकताना माणूस तो गिळायला बघतोय. मी दार ढकललं, कडी हलेना. "कडी काढा हो" म्हटलं, तर आत काहीतरी पडलं. मी खिडकीतून शिंप्याला हाक मारली. माझा आवाज शाबूत आहे हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. शिंपी मोठी कात्री घेऊनच धावत आला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण तीच कामी आली. दाराच्या फटीतून पातं सारलं आणि कडी वर उचलली. तो म्हणत होता, "आजी, हलू नका, धक्का नका देऊ," आणि मी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून ठेवली.

हे खाटेला टेकून जमिनीवर बसलेले, रिकामा तांब्या शेजारी लवंडलेला, ओठांवर रक्त, एक हात गळ्यावर आणि दुसरा अजून त्या डबीवर. घोटघोट पाणी दिलं. शिंप्याने गाडी आणली. हे माझ्याकडे बघत होते आणि मी यांच्याकडे बघू शकत नव्हते. डॉक्टर आत घेऊन गेले आणि दार लावलं. त्या दिवसात माझ्या तोंडावर लागलेलं हे दुसरं दार. शिंपी बाहेर माझ्या शेजारी बसून होता. कात्री त्याच्या मांडीवरच राहिली होती. येणारेजाणारे लांबून जात होते.

टाका सैल झाला होता, तुटला नव्हता. "थोडक्यात वाचलात," डॉक्टर म्हणाले. नवा टाका, नवं मौन.

ठिणगी रात्रीची गाडी पकडून आली. लॉकेट उघडलं, सेलचा जोर मोजला आणि कपाळाला हात लावला. वन्सं, लॉकेटमधे पिवळा दिवाच नाही! तीनच आहेत: तांबडा, हिरवा, निळा. तांबडा आणि हिरवा एकदम लागले की डोळ्याला पिवळं दिसतं. आता या तिघांत तांबडा तेवढा गरीब घरचा. थोडक्या जोरावर पेटतो. हिरवा आणि निळा बड्या घरचे जावई. सेलाचा पुरता जोर मिळाला तरच तोंड उघडतात. सेल दमला की मुंगी जागी राहते, निरोप ऐकते, हुकूमही सोडते, पण जावई उठत नाहीत. हिरवं दाबलं, अंधार. निळं दाबलं, अंधार. आणि पिवळं दाबलं की त्यातला हिरवा गळतो आणि उरतो तांबडा. म्हणजे सकाळी हे बिचारे "ये, पत्ते खेळू" म्हणत होते आणि मला "धाव" ऐकू येत होतं. दुपारी घसा सुकला तेव्हा हे निळं दाबून दाबून थकले, माझ्या गळ्यात काही नाही. शेवटी खरं तांबडं दाबलं, तेव्हा मी स्टुलावर बसलेली.

आणि सेल दमवला कोणी? मी. दिवसभर हिरवा पेटता ठेवून. ठीक आहे, ठीक आहे, हे बघण्यातच सगळा जोर संपला. (ठिणगीने हिला समोर बसवून सांगितलं की चूक यंत्र बनवणारीची होती, सेल दमल्याची खूण आधीच ठेवायला हवी होती. ही ऐकत नाही. टेबलाच्या पायाखालची चिठ्ठी तिने काढून वाचून दाखवली: "मी पिवळंच दाबलं होतं." टेबल पुन्हा डुगडुगतंय.)

आता तिने आत वीज साठवणाऱ्या दोन इवल्याशा टाक्या बसवल्यात. एक सेलने भरायची आणि सेलच्याच डोक्यावर चढवायची, म्हणजे जोर दुप्पट होतो, तो दुसरीत साठतो आणि जावयांना मिळतो. सेल दमत आला की लॉकेट आधीच थरथरून सांगतं. आणि हिरवा आता आपोआप विझतो. बघायचं, ठीक आहे म्हणायचं आणि कामाला लागायचं. मला अजून जमत नाही. विझला की मी जिन्याकडे बघते.

तुमची प्रकृती सांभाळा. भाडेकरणीला माफ करा, तिचं काय चुकलं होतं ते तुम्हालाही आता आठवत नसेल.

तुमची भावजय

ता. क. खरं काम आता सांगते. लिहा हो, थांबू नका. वन्सं, मागच्या तपासणीला डॉक्टरांनी यांना बोलायला परवानगी दिली. कागदावर लिहून दिली, आणि यांनी तो कागद कपाटात लपवला. जिला वाचता येत नाही तिच्यापासून! मला नर्सने तोंडी सांगितलं; तोंडी सांगितलेलं मला कळतं हे यांच्या लक्षात राहिलं नाही. तेव्हापासून हे गप्पच आहेत. पेन का थांबलं? लिहा. यांना भीती वाटते हे मला दिसतं. तर तुम्ही या, वरच्या खोलीत बसा आणि यांच्याशी भांडा. लहानपणचा एखादा पेरू किंवा पतंग काढा. तुम्हाला उलट उत्तर दिल्याशिवाय हे कधी राहिले नाहीत.

(आक्का, हे खरं आहे. बोललो आणि तो आवाज माझा नसला तर? मी तो कोणाचा म्हणून ऐकू? ये. पण पतंग तूच फाडला होतास.)

ता. क. २. वन्सं, मी गप्प असताना पेन चाललेलं मला दिसतं. पहिल्या ओळीपासून दिसतंय. कंसात जे काय असेल त्यातलं निम्मं खोटं समजा आणि उरलेलं मला येऊन सांगा.

ता. क. ३. हे काय आता? वन्सं, पत्र संपलं, घडी घालायची तर यांनी खाटेची ती डबी खिशातून काढली आणि बटण दाबलं. माझ्या गळ्यात पिवळा लागलाय. चांगला हळदीसारखा पिवळा. अहो, मी समोरच बसलेय ना? काय ते तोंडाने सांगा.

(आक्का, जरा थांब. पेन खाली ठेवतो.)