पांगाऱ्याची तलवार

॥ श्री ॥
वरंध, १६ सप्टेंबर २०२४

ती. शर्मिलाअक्कास सुहासचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? फोनवर तू नुसतं बरा आहे म्हणतेस आणि भांडायला रेंज पुरत नाही, म्हणून हे पत्र.

मुंबईच्या मंडळाने तानाजी मालुसऱ्यांच्या तलवारीची पोलादी प्रतिकृती करून आणली आहे. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला यंदापासून तीच बसणार. आजवर पूजेत असलेल्या, आबांनी कोरलेल्या लाकडी तलवारीचं टोक मोडलेलं. अरविंद गुरवांनी बैठकीत सांगितलं की भंगलेली वस्तू पूजेत ठेवायची नाय, नदीत विसर्जन करायचं. मी मान हलवली. तू रागावशील, म्हणून आधीच कळवतो. राग ओसरला की लोभ असू दे.

तुझा सुहास

महाड, २१ सप्टेंबर

चि. सुहासला अ. उ. आ.

रागावलेच आहे. नंदीबैलासारखी मान हलवलीस!

ते टोक कसं मोडलं, सांग की गुरवांना. गावच्या नाटकात हीच तलवार घेऊन आबा तानाजी व्हायचे. ढाल तुटली की विंगेत मी त्यांच्या डाव्या हाताला आईचा शेला गुंडाळायची. एका वर्षी आबांना एवढा चेव आला की उदयभान झालेल्या महादूकाकांची पत्र्याची ढाल फाटली आणि आपल्या तलवारीचं टोक उडालं. आबा पडले तेव्हा खरेच मेले समजून तू भोकाड पसरलंस, नाटक थांबवावं लागलं.

आबांच्या हातचं एवढंच उरलंय रे. ती नदीत गेली तर आबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल मला. गुडघा धड असता तर डोहाकाठी येऊन आडवी पडले असते. बघ काही जमलं तर.

तुझी अक्का

वरंध, १४ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. न.

मला थांबवता आलं नाही. काल वाजतगाजत गेलो, मंत्र झाले, मी तलवार डोहात सोडली. आणि ती तरंगली! एवढे शहाणे बैठकीला होते, पण पांगाऱ्याचं लाकूड बुडत नाही हे एकालाही सुचलं नाही. ती गेली धुणं धुणाऱ्या चंपाकाकूंकडे. काकूंनी धोपाटण्याने काठाला ढकलली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. काकू म्हणाल्या, तिला जायचंच नाय तर कशाला छळता रे.

गुरवांनी दगड बांधायला सांगून दोरी माझ्या हातात दिली. मुठीची चिंधी भिजून सुटली होती. आत आबांच्या बोटांनी झिजलेले खळगे. माझी बोटं त्यात बरोबर बसली. अक्का, मला गाठच मारता येईना. पन्नाशीचा बाप्या, सगळ्यांसमोर रडलो.

गुरवांनी दोरी माझ्याकडून काढून घेतली. मग म्हणाले की मंत्र झाले, देवपण उतरलं, आता हे तुमच्या घरचं लाकूड हाय, घेऊन जा. उद्याच्या महाड एसटीने पाठवतो. ड्रायव्हर ओळखीचा आहे.

सुहास

महाड, १८ ऑक्टोबर

चि. सुहासला खूप खूप आशीर्वाद.

तलवार पोचली. पूजेत बसली तेव्हापासून आम्ही बायकांनी लांबूनच हात जोडायचे, अशी आपल्याकडची रीत. आबांची लेक असून इतक्या वर्षांत मी तिला एकदाही शिवले नव्हते. काल दार लावून घेतलं आणि तिला मांडीवर घेऊन बसले. देवपण उतरलं ते बरंच झालं.

आईचा शेला पेटीतून काढून ठेवलाय. भाऊबीजेला ये. ओवाळून झालं की तलवार तुझ्या हातात देईन. डावा हात पुढे कर, शेला मी गुंडाळेन.

तुझी अक्का